आधारित धातू-नॅनोकणांवरील अल्कोहोलचे ऑक्सिडीभवन : आनुषंगिक अभिक्रियांचे नियंत्रण

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या हंगामाची चर्चा निघाली की दोन आकडे एकत्र विचारले जातात : गाळप किती झाले आणि उतारा किती मिळाला. किती टन ऊस गाळला गेला हे पहिल्या आकड्यावरून समजते, तर त्यातून शेकडा किती साखर हाती आली हे दुसऱ्यावरून. केवळ गाळपाच्या आकड्यावर कोणत्याही कारखान्याची कामगिरी ठरविली जात नाही. उत्प्रेरणाच्या अभ्यासातही असेच दोन आकडे असतात. मूळ पदार्थाचा किती भाग बदलला ते 'रूपांतरण', आणि बदललेल्या भागापैकी किती भाग इष्ट पदार्थात गेला ती 'निवडकता'. शेतकऱ्याला जी गोष्ट सहज उमगते ती संशोधन-निबंधांत मात्र पुष्कळदा हरवलेली दिसते. तेथे रूपांतरणाचा आकडा ठळकपणे येतो आणि निवडकतेचा उल्लेख ओझरता होतो.

अल्कोहोलचे अल्डिहाइड, कीटोन किंवा आम्ल यांत होणारे ऑक्सिडीभवन पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाला हा विषय दूरचा नाही. अकलूज, श्रीपूर, पिंपळनेर येथील कारखान्यांमुळे उसाची मळी आणि तिच्यापासून मिळणारे अल्कोहोल हे जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचे अंग बनले आहे. या अल्कोहोलचा मोठा भाग आज पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो. शेकडा २० मिश्रणाचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. तथापि इथेनॉल हे इंधनाइतकेच रसायनांचेही मूलद्रव्य आहे. नीरा (जि. पुणे), साकरवाडी (जि. अहिल्यानगर) आणि महाड (जि. रायगड) येथील उद्योगांनी इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड, ॲसेटिक आम्ल, एथिल ॲसिटेट यांसारखी रसायने तयार केली आहेत. इंधनाच्या मागणीशी स्पर्धा करून रासायनिक उद्योगाला अल्कोहोल घ्यावयाचे असेल, तर त्याचा एकही रेणू वाया घालविणे परवडणारे नाही. अल्कोहोलचे रेणू कोठे व कसे वाया जातात आणि आधारित धातू-नॅनोकणांच्या साहाय्याने ते कसे रोखता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डायक्रोमेटचा हिशेब

प्रयोगशाळेतील रूढ पद्धतीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल यांचा वापर होतो. समीकरण तोंडपाठ असले तरी त्याचे वजनी गणित क्वचितच मांडले जाते. तीन मोल म्हणजे ३२४ ग्रॅम बेन्झिल अल्कोहोलसाठी २९४ ग्रॅम डायक्रोमेट आणि ३९२ ग्रॅम गंधकाम्ल लागते. सर्व काही निर्दोष घडले तरी ३१८ ग्रॅम बेन्झाल्डिहाइडबरोबर ५६६ ग्रॅम क्रोमियम व पोटॅशियमची सल्फेटे शिल्लक राहतात. मालापेक्षा गाळ अधिक, असा हा व्यवहार आहे. शिवाय न वापरलेले षट्संयुजी क्रोमियम विषारी व कर्करोगकारक असते. ऑक्सिडीकारक म्हणून हवेतील ऑक्सिजन वापरला तर त्याच ३१८ ग्रॅम अल्डिहाइडमागे ५४ ग्रॅम पाणी तयार होते आणि दुसरे काहीही नाही.

कागदावर हा पर्याय इतका सोपा दिसतो की तो पूर्वीच का स्वीकारला गेला नाही, असा प्रश्न पडावा. वस्तुतः इथेनॉलच्या बाबतीत तो फार पूर्वीच स्वीकारला गेला आहे. चांदीच्या जाळीवरून अथवा स्फटिकांवरून इथेनॉलची वाफ व हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर प्रवाहित करून ॲसिटाल्डिहाइड मिळविण्याची पद्धत उद्योगात रुळलेली आहे. परंतु एवढ्या तापमानात रेणूचा काही भाग थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत जळतो. उष्णतेने विघटन पावणाऱ्या मोठ्या अल्कोहोल रेणूंना तर ही भट्टी मुळीच मानवत नाही. म्हणून कमी तापमानात काम करणाऱ्या उत्प्रेरकाचा शोध आवश्यक ठरला.

एका रेणूसमोरील अनेक वाटा

प्राथमिक अल्कोहोलचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर बसला की प्रथम ऑक्सिजनवरील आणि नंतर शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन गमावतो आणि अल्डिहाइड तयार होते. पुढे त्याला अनेक वाटा मोकळ्या असतात. पाण्याशी संयोग होऊन अल्डिहाइडचे हायड्रेट बनले तर त्याचे पुन्हा हायड्रोजन-निरसन होऊन आम्ल मिळते. पाण्याऐवजी दुसऱ्या अल्कोहोल रेणूशी संयोग झाला तर हेमिॲसिटालमार्गे एस्टर तयार होते. आम्लधर्मी स्थानांवर अल्कोहोल पाणी गमावते आणि ईथर किंवा इथिलीन देते. अल्कधर्मी स्थानांवर दोन अल्डिहाइड रेणू परस्परांशी जोडले जातात. पॅलेडियम व प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्डिहाइडमधून कार्बन मोनॉक्साइड निसटतो आणि तो त्याच धातूला चिकटून उत्प्रेरकाला विषाप्रमाणे निष्प्रभ करतो. द्वितीयक अल्कोहोलची कथा तुलनेने सुटसुटीत आहे. तेथे कीटोनवर गाडी सहसा थांबते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट होय. 'आनुषंगिक' हे विशेषण रेणूला चिकटलेले नसते, ते उत्पादकाच्या गरजेवर अवलंबून असते. दोन ॲसिटाल्डिहाइड रेणूंच्या जोडणीतून मिळणारे क्रोटोनाल्डिहाइड हे ॲसिटाल्डिहाइड उत्पादकाच्या दृष्टीने नुकसान आहे, तर साकरवाडीच्या कारखान्यात तेच विकाऊ उत्पादन आहे. म्हणून नियंत्रण म्हणजे एखादी वाट कायमची बुजविणे नव्हे. हव्या त्या वेळी हवी ती वाट उघडी ठेवता येणे, असा त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

आधारद्रव्य केवळ आधार देत नाही

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. दोन नॅनोमीटर व्यासाच्या धातूकणात सुमारे निम्मे अणू पृष्ठभागावर असतात, तर वीस नॅनोमीटरच्या कणात हे प्रमाण फार घटते. असे बारीक कण मोकळे ठेवले तर ते एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून त्यांना एखाद्या ऑक्साइडवर किंवा कार्बनवर बसवितात. सोन्याच्या बाबतीत आकाराचे महत्त्व विशेष आहे. दागिन्यांतील सोने रासायनिकदृष्ट्या आळशी मानले जाते. परंतु जपानमधील मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये असे दाखविले की ऑक्साइडावर बसविलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीभवन घडवितात. त्यानंतर सोने हा उत्प्रेरणाच्या अभ्यासातील एक प्रमुख धातू ठरला. सोन्याच्या क्लोराइडापासून उत्प्रेरक बनविताना क्लोराइड नीट धुऊन काढले नाही तर कण भाजणीत वाढतात आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो, हे येथेच नोंदविणे योग्य.

आधारद्रव्याला 'आधार' हा शब्द थोडा दिशाभूल करणारा आहे. ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावरील आम्लधर्मी स्थाने निर्जलीकरण घडवितात. मॅग्नेशियम ऑक्साइड अल्कधर्मी असल्याने ते अल्कोहोलमधील पहिला हायड्रोजन काढण्यास मदत करते, पण ॲसिटाल्डिहाइडसारखा पदार्थ त्यावर रेंगाळला तर जोडणीच्या अभिक्रिया सुरू होऊन शेवटी डांबरासारखा थर साचतो. सेरियम ऑक्साइड स्वतःच्या जालकातील ऑक्सिजन देऊ-घेऊ शकते. सिलिका तुलनेने तटस्थ असते. म्हणून एकाच धातूचे, एकाच आकाराचे कण वेगवेगळ्या आधारांवर वेगवेगळे पदार्थ देतात आणि धातूच्या नावावरून निवडकतेचे भाकीत करणे धाडसाचे ठरते.

इथेनॉलचीच दोन उदाहरणे पाहता येतील. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००६ मध्ये मॅग्नेशियम ॲल्युमिनेटवरील सोन्याच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेल्या इथेनॉलचे हवेने ऑक्सिडीभवन केले. तेथे मुख्य पदार्थ ॲसेटिक आम्ल हा होता. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये सोने मॅग्नेशियम-तांबे-क्रोमियमच्या मिश्र ऑक्साइडावर बसविले गेले आणि २५० अंशांच्या आसपास वायुरूप इथेनॉलपासून सुमारे ९५ टक्के ॲसिटाल्डिहाइड मिळाले. दोन्हीकडे धातू सोनेच होते. बदलले होते ते आधारद्रव्य, पाण्याची उपस्थिती आणि पदार्थाचा पृष्ठभागावरील मुक्काम. वायुप्रवाहात तयार झालेले अल्डिहाइड तत्काळ वाहून जाते, तर पाण्यात ते हायड्रेट होऊन पुन्हा धातूकडे परतते.

पुण्यातील बेन्झाल्डिहाइड

या विषयातील एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रात, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले. बेन्झाल्डिहाइड म्हणजे कडू बदामाच्या वासाचा द्रव. सुगंधी द्रव्ये, खाद्यस्वाद आणि औषधे यांत त्याचा उपयोग होतो. टोल्युइनचे क्लोरिनीकरण करून व नंतर जलापघटन करून ते बनविता येते, परंतु त्यात क्लोरिनयुक्त अशुद्धी राहतात आणि त्या सुगंध व औषध उद्योगाला चालत नाहीत. डॉ. व्ही. आर. चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बेन्झिल अल्कोहोलपासून क्लोरिनमुक्त बेन्झाल्डिहाइड मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत द्रावक मुळीच नव्हता. ऑक्सिडीकारक म्हणून ऑक्सिजन वायू आणि उत्प्रेरक म्हणून ऑक्साइडांवर बसविलेले सोन्याचे नॅनोकण वापरले होते. तपासलेल्या आधारांत मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व झिर्कोनियम यांची ऑक्साइडे होती, आणि सर्वांत सरस ठरले ते युरेनियमचे ऑक्साइड. आनुषंगिक पदार्थ म्हणून बेन्झिल बेन्झोएट हे एस्टर थोड्या प्रमाणात आढळले.

द्रावक नसताना एस्टर मिळणे स्वाभाविक होते, कारण अल्डिहाइडच्या भोवती सर्वत्र अल्कोहोलच असते आणि हेमिॲसिटाल बनण्यास पूर्ण वाव मिळतो. त्यावर द्रावक टाकून पातळ करणे हा उपाय सुचतो. परंतु तसे केल्यास पद्धतीचा मूळ लाभच कमी होतो. निवडकतेसाठी उत्प्रेरकाचा आधार बदलावा की द्रावकाचा खर्च सोसावा, याचा निर्णय पुण्याच्या कामात आधाराच्या बाजूने लागला. हा निर्णय अधिक दूरदृष्टीचा म्हणावा लागेल, कारण द्रावक परत मिळविण्यासाठी लागणारी वाफ निबंधातील टक्केवारीत कोठेही दिसत नसते.

टोल्युइन : लपून राहणारा पदार्थ

२००६ मध्ये ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठातील ग्रॅहॅम हचिंग्ज यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडावर सोने व पॅलेडियम एकत्र बसविले. फिनाइल इथेनॉलसाठी त्याची गती ताशी २,७०,००० फेऱ्यांपर्यंत गेली. पॅलेडियममुळे वेग आला, पण एक नवी अडचणही आली. बेन्झिल अल्कोहोलच्या बाबतीत बेन्झाल्डिहाइडबरोबर टोल्युइन मिळू लागले.

ऑक्सिडीभवनाच्या प्रयोगात ऑक्सिजन गमावलेला पदार्थ मिळावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. त्याचे स्पष्टीकरण असे आहे. अल्कोहोलने गमावलेला हायड्रोजन धातूच्या पृष्ठभागावर राहतो. ऑक्सिजनने तो उचलून पाण्यात रूपांतरित करावा अशी अपेक्षा असते. ऑक्सिजन कमी पडला तर हा हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या अल्कोहोल रेणूवर हल्ला करतो, त्याचा कार्बन-ऑक्सिजन बंध तोडतो आणि टोल्युइन व पाणी तयार होते. म्हणजे एका रेणूचे ऑक्सिडीभवन दुसऱ्याच्या क्षपणातून साधले जाते आणि हवेची गरजच उरत नाही. या वाटेने गेलेल्या अल्कोहोलपैकी अर्धेच बेन्झाल्डिहाइड होऊ शकते. त्यापुढे जाणे अशक्य आहे.

या अभिक्रियेवर दोन बाजूंनी नियंत्रण ठेवता येते. पहिली बाजू ऑक्सिजनच्या पुरवठ्याची. ढवळणे मंद असेल, वायूचा बुडबुडा द्रवात नीट पसरत नसेल, तर उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी टोल्युइन वाढते. म्हणून टोल्युइनचे प्रमाण हे पुष्कळदा उत्प्रेरकाऐवजी पात्राचे दोष सांगत असते. दुसरी बाजू आधाराची. हचिंग्ज यांच्याच गटाने २०११ मध्ये दाखविले की हेच सोने-पॅलेडियम कण मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड यांवर बसविले असता टोल्युइनची वाट जवळजवळ बंद होते.

महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने यातील सर्वांत बोधप्रद भाग वेगळाच आहे. अल्कोहोलच्या ऑक्सिडीभवनासाठी द्रावक म्हणून टोल्युइनच सर्रास वापरले जाते. अशा प्रयोगात तयार झालेले टोल्युइन द्रावकात मिसळून जाते आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर त्याचा वेगळा पत्ता लागत नाही. आलेखावर अल्कोहोल कमी झालेले आणि अल्डिहाइड वाढलेले दिसते, अन्य पदार्थाचे शिखर दिसत नाही आणि निवडकता '१०० टक्के' अशी नोंदविली जाते. अशा आकड्याला अर्थ नाही. बेन्झिल अल्कोहोलसाठी झायलीनसारखा दुसरा द्रावक घेतल्याखेरीज अथवा कार्बनचा जमाखर्च मांडल्याखेरीज तो स्वीकारू नये.

अल्डिहाइड आम्ल का होत नाही?

बेन्झाल्डिहाइडची अर्धी वापरलेली बाटली कपाटात राहिली की तिच्या बुचाभोवती पांढरे स्फटिक जमतात. ते बेन्झोइक आम्ल असते. सामान्य तापमानात, उत्प्रेरकाशिवाय, केवळ हवेने हे घडते. मग १०० अंशांच्या वर, ऑक्सिजनच्या दाबाखाली व धातूच्या सान्निध्यात बेन्झाल्डिहाइड टिकून कसे राहते? हा प्रश्न बराच काळ विचारलाच गेला नाही. २०१४ मध्ये हचिंग्ज व सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर प्रायोगिक पुराव्यासह दिले. बेन्झाल्डिहाइडचे हवेतील ऑक्सिडीभवन मूलकांच्या साखळीने चालते आणि बेन्झॉइलपेरॉक्सी मूलक हा त्या साखळीतील मुख्य दुवा असतो. बेन्झिल अल्कोहोल आपला हायड्रोजन अणू देऊन या मूलकाला मध्येच अडविते. अल्कोहोलचे अल्प प्रमाणही त्यासाठी पुरते. ऑक्टॅनॉल व ऑक्टॅनाल या जोडीतही असाच परिणाम दिसला.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. न बदललेले अल्कोहोल हा केवळ अपुऱ्या कामाचा अवशेष नसून ते अल्डिहाइडचे रक्षणही करीत असते. रूपांतरण १०० टक्क्यांवर नेण्याचा हट्ट धरला की हा रक्षक संपतो आणि आम्ल वेगाने वाढते. अल्डिहाइड हवे असेल तर अभिक्रिया अलीकडेच थांबवून उरलेले अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत घेणे शहाणपणाचे ठरते. ९० टक्के रूपांतरण व ६० टक्के निवडकता असेल तर १०० भाग अल्कोहोलमागे ५४ भाग इष्ट पदार्थात जातात आणि ३६ भाग वाया जातात. ६० टक्के रूपांतरण व ९५ टक्के निवडकता असेल तर ५७ भाग मिळतात आणि वाया जातात केवळ ३. गाळप कमी असूनही उतारा अधिक, असा हा प्रकार होय.

पाणी आणि अल्कली

सोन्याच्या उत्प्रेरकाला सोडियम हायड्रॉक्साइडची जोड दिली की वेग वाढतो, पण अल्डिहाइड हाती लागत नाही. ते आम्लाच्या क्षारात जाते. अमेरिकेतील रॉबर्ट डेव्हिस यांच्या गटाने २०१० मध्ये समस्थानिक ऑक्सिजनचा वापर करून असे सिद्ध केले की अल्कधर्मी पाण्यात आम्लात शिरणारा ऑक्सिजन अणू पाण्यातील हायड्रॉक्साइडकडून येतो, हवेतील ऑक्सिजनकडून नव्हे. हवेतील ऑक्सिजन धातूवर साचलेले इलेक्ट्रॉन उचलण्याचे काम करतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अल्डिहाइडवर थांबावयाचे असेल तर ऑक्सिजन कमी करणे हा योग्य मार्ग नव्हे, कारण त्याने पॅलेडियमवर टोल्युइनच वाढेल. पाणी व अल्कली दूर ठेवणे हा मार्ग होय. बेन्झाल्डिहाइडवर तीव्र अल्कलीची कॅनिझारो अभिक्रिया उत्प्रेरकाशिवायही होते. ती न तपासता सारे श्रेय सोन्याला दिले गेल्याची शक्यता नेहमी मनात धरावी.

मर्यादित साधनांत काय करता येते

बार्शीसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नसतो. नमुने पुणे, मुंबई किंवा कोल्हापूरला पाठवावे लागतात. परंतु निवडकतेचे बहुतेक प्रश्न सूक्ष्मदर्शकाशिवाय सुटतात. धातूविरहित आधार घेऊन तोच प्रयोग केला की आधाराचा वाटा कळतो. ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन सोडून केला की टोल्युइनची वाट उघडी आहे काय ते समजते. अभिक्रिया निम्मी झाली असता गरम द्रव गाळून उत्प्रेरक वेगळा काढला आणि तरीही रूपांतरण वाढत राहिले, तर धातू विरघळून बाहेर पडला आहे असे समजावे. ढवळण्याचा वेग दुप्पट करून आकडे बदलतात काय हे पाहण्यास खर्च शून्य आहे. बेन्झोइक आम्ल तर ब्युरेटनेही मोजता येते.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते. कार्बनयुक्त पॅलेडियम किंवा प्लॅटिनमच्या कोरड्या भुकटीवर अल्कोहोल ओतल्यास ते हवेत पेट घेऊ शकते. उत्प्रेरक आधी नायट्रोजनखाली पाण्याने भिजवून मगच अल्कोहोल घालावे. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असताना स्फोटक असते, म्हणून वायुरूप प्रयोगातील प्रमाण या पट्ट्याबाहेर राहील असेच ठरवावे.

दोन उत्प्रेरकांची तुलना करताना समान वेळेनंतरचे आकडे शेजारी मांडण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी चुकीची आहे. आम्ल व एस्टर हे अल्डिहाइडच्या नंतर तयार होणारे पदार्थ असल्याने अधिक पुढे गेलेली अभिक्रिया नेहमीच कमी निवडक दिसते आणि मंद उत्प्रेरक विनाकारण गुणी ठरतो. दोन्ही अभिक्रिया समान रूपांतरणावर, उदाहरणार्थ ३० टक्क्यांवर, थांबवून निवडकता मोजली तरच आधार, आकार किंवा दुसऱ्या धातूचा खरा परिणाम हाती येतो.